हातचे दोन बाइट

गेल्या पावसाळ्यात मी एका पतसंस्थेच्या चेअरमनना शून्य करून टाकलं. मुद्दाम नाही हो. संस्थेच्या दुसऱ्या शाखेतले ते पहिले सभासद, शाखा त्यांच्याच माडीवर सुरू झाली होती म्हणे, म्हणून सभासद क्रमांक १, आणि हा १ किती मोलाचा असतो ते ज्यानं खेड्यातली पतसंस्था आतनं बघितलीय त्यालाच कळेल. माझ्या प्रोग्रॅमनं छापलेल्या नव्या पासबुकावर मात्र क्रमांक आला ०. मॅनेजरकाकांनी फोनवर एवढंच विचारलं, "काय गा, आमच्या चेअरमननी तुझं काय घोडं मारलंय?"

घोडं कुणीच मारलं नव्हतं. दोन बाइट अडकले होते. ते कुठनं आले हे शोधायला मला अडीच दिवस लागले आणि त्या अडीच दिवसात मी पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेबद्दल जेवढा विचार केला तेवढा आधीच्या पंधरा वर्षांत केला नसेल.

मी बेळगावात वडगावला राहतो. घरामागं पॉवरलूम आहेत, त्या खटखटीतच कोड लिहायची सवय, वीज गेली की माग थांबतात आणि त्या शांततेत मला काही सुचत नाही. पुण्या-बेंगळुरातली पोरं पीएचपी म्हटलं की नाक मुरडतात, मुरडू देत, इकडं पतसंस्था, दूध डेअरी, मंगल कार्यालयाचं बुकिंग, शाळेची फी, सगळं यावरच चाललंय आणि चालतंय. तर ही संस्था खानापूरकडची, नाव नको. दोन शाखा. जुनं सॉफ्टवेअर बंद करून नवीन बसवायचं, जुना सगळा डेटा आणायचा, आणि नव्या पासबुकावर सभासदाचं नाव दोन्ही लिप्यांत छापायचं, मराठी आणि कन्नड. जुन्या डेटात मात्र नाव एकदाच. ज्या दिवशी काउंटरवर जो क्लार्क होता त्याला जी भाषा हाताला आली त्या भाषेत. एक पाटील मराठीत तर त्याचाच चुलतभाऊ कन्नडात. सीमाभागात राहणाऱ्याला यात नवल नाही, आमच्या गल्लीतल्या एकाच घराच्या लाइट बिलावर आणि लग्नपत्रिकेवर मालकाचं नाव वेगवेगळ्या लिपीत असतंय.

डेटा आला तो पेन ड्राइव्हवर, शाखेची एक अशा दोन फाइली, पहिली ३०० एमबीच्या वर. एवढी कशी काय म्हणाल तर पिग्मी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पिग्मी म्हणजे रोजची बचत, एजंट रोज दुकानात येतो, दहा-वीस-पन्नास जे काय असेल ते घेतो, मशीनमध्ये नोंद करतो, पावती फाडतो, पुढच्या दुकानात. ही कल्पना कर्नाटकातलीच, उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये काढली, आणि आता आमच्याकडच्या प्रत्येक संस्थेचा निम्मा जीव त्यात आहे. भाजीवालीची वीस वर्षांची रोजची नोंद म्हणजे हजारो ओळी. प्रत्येक सभासदाच्या नावापुढं त्याच्या सगळ्या जमा-नावे नोंदी एकामागोमाग.

आणि मी काय केलं? सवयीनं फाइल गेट कंटेंट्स. एका ओळीत अख्खी फाइल व्हेरिएबलमध्ये, म्हणजे मेमरीतल्या एका नाव दिलेल्या डब्यात. पीएचपीला डिफॉल्ट मेमरी १२८ एमबी, होस्टिंग शेअर्ड, म्हणजे सर्व्हर इतरांबरोबर वाटून घेतलेला, तिथं वाढवायची सोय नाही, त्यामुळं पडद्यावर तो ओळखीचा आकडा: १३,४२,१७,७२८ बाइट संपले. हा आकडा पीएचपीवाल्याला पोराच्या वाढदिवसासारखा पाठ असतो.

म्हणजे मी भाजीवालीकडं वर्षाची पिग्मी एकदम मागत होतो. ती कुठनं देणार. तिच्याकडनं रोज थोडं घ्यायचं, नोंद करायची, पिशवी रिकामी करायची, उद्या परत यायचं. पीएचपीत स्ट्रीम म्हणतात ते हेच. एफओपननं दार उघडायचं, आत जे काय असेल त्यातलं थोडं थोडं घेत राहायचं, झालं की एफक्लोज. पुस्तकांत स्ट्रीम समजवायला नळाचं उदाहरण देतात, आमच्याकडं ते चालत नाही, आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही म्हणून घराघरात सिंटेक्सच्या टाक्या, तो प्रवाह नव्हे, तो बफर, म्हणजे साठवण. पिग्मीच बरी.

यातली गंमत अशी की एजंटाला दुकान कसलं याच्याशी देणंघेणं नसतं. किराणा असो, सलून असो, चपलांचं असो, "पिग्मी" म्हणायचं आणि हात पुढं करायचा. पीएचपी ४.३ मध्ये, म्हणजे २००२ च्या अखेरीला, वेझ फरलाँग वगैरे मंडळींनी स्ट्रीम आणले तेव्हा हेच केलं. डिस्कवरची फाइल असो, दुसऱ्या सर्व्हरवरचं पान असो, झिप केलेला गठ्ठा असो, नाहीतर नुसती मेमरीतली तात्पुरती जागा असो, सगळ्यांना तेच एफओपन, तेच एफरीड. टेम्प नावाचा एक स्ट्रीम तर मला फार आवडतो, तो २ एमबीपर्यंत माल मेमरीत ठेवतो आणि त्याच्यावर गेलं की गपचूप डिस्कवरच्या फाइलीत हलवतो, वर काम करणाऱ्याला पत्ता पण लागत नाही. घरात पाहुणे वाढले की आई अशीच शेजारच्यांच्या माडीवर अंथरूणं टाकायची.

तर मग मी एफगेट्स लावलं, ओळ ओळ वाचायला. परत तोच आकडा. डोकं खाजवलं. फाइल एडिटरमध्ये उघडायला गेलो तर एडिटरच मेला. शेवटी पहिले हजार बाइट काढून बघितले तेव्हा कळलं, जुन्या सॉफ्टवेअरनं एंटर कधी मारलेलाच नाही. दोन सभासदांच्या मधे एक उभी रेघ, बस. अख्खी फाइल म्हणजे एकच ओळ, ३०० एमबीची. आपल्याला हव्या त्या खुणेपर्यंत वाचणारं स्ट्रीम गेट लाइन नावाचं फंक्शन पीएचपीत आहे, ते लावलं असतं तर हा लेख झाला नसता, पण ते मला काम संपल्यावर सापडलं. असं नेहमी होतं.

म्हणून एफरीड. एका वेळी ८१९२ बाइट. पीएचपीचे स्ट्रीम स्वतःपण आतून याच मापानं उचलतात. एक घास ८१९२ चा, उभ्या रेघेवर तोडायचं, शेवटी अर्धवट राहिलेला सभासद बाजूला ठेवायचा, पुढच्या घासाच्या पुढं जोडायचा. शाळेत बेरजेला बाई शिकवायच्या तसं: सात आणि आठ पंधरा, पाच लिहा, हातचा एक. माझ्या व्हेरिएबलचं नाव पण हातचा. खरोखर देवनागरीत. पीएचपीत ते चालतं, त्यावर पुढं बोलतो.

मधे एक छोटा अपघात सांगून टाकतो कारण त्याचा पुढं संबंध आहे. ट्रायलसाठी संस्थेच्या अक्कांनी एक्सेलमध्ये ५० सभासदांची साधी फाइल करून दिली होती. मी ती "फाइल संपली नाही तोवर वाच" असं म्हणत वाचली. पासबुकं आली ५१. एकावन्नावं कोरं, ना नाव ना नंबर. एफईओएफला आपण विचारतो "संपलं का?", आणि ते सांगतं ते मागच्या वाचनाबद्दल, पुढं काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. शेवटची ओळ वाचून झाली तरी ते "नाही" म्हणतं, आपण परत हात घालतो, हाताला काही लागत नाही, आणि ते काही-नाही आपण सभासद म्हणून छापतो. वाचलेलं काय आलं ते आधी तपासायचं, एवढंच. पण अक्कांनी ते कोरं पासबुक टेबलाच्या काचेखाली ठेवून दिलं, मी गेलो की दाखवायच्या.

या अक्का म्हणजे संस्थेचा कणा. घरची भाषा कन्नड, ऑफिसची मराठी, हिशोबाची दोन्ही. आकडे मोजताना कन्नडात मोजतात आणि बेरीज मराठीत सांगतात.

आता मुख्य गोष्ट. ८१९२ बाइटचा घास घेतला तर तो अक्षरावर संपतो का? इंग्रजीत संपतो, तिथं एक अक्षर म्हणजे एक बाइट. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, ३ बाइट खातं, मग तो क असो नाहीतर नुसती वेलांटी. कन्नडाचंही तसंच, ३. आता ८१९२ ला ३ नं भागा. २७३० चिन्हं बसतात आणि २ बाइट उरतात. म्हणजे सलग मराठी मजकूर असेल तर घासाचा शेवट अक्षराच्या आत होणार, सुरी ऐन अक्षरावर. मधे स्पेस, इंग्रजी आकडे, उभ्या रेघा एकेक बाइटच्या असतात त्यामुळं कधी अक्षर बचावतं, कधी एक बाइट तुटतो, कधी दोन. तुटलं की त्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह.

स्ट्रलेन नावाचं फंक्शन सगळ्यांना माहीत असेल, लांबी मोजणारं. त्याला "बेळगाव" द्या, ते सांगतं १८. एमबी स्ट्रलेनला द्या, ६. ग्राफीम स्ट्रलेनला द्या, ४. तिघंही आपापल्या परीनं खरं बोलतात. पहिला मोजतो बाइट, दुसरा मोजतो ब, एकार, ळ, ग, काना, व अशी चिन्हं, आणि तिसरा बे-ळ-गा-व, म्हणजे पाटीवर धुळाक्षरं गिरवणाऱ्या पोराला विचारलं तर ते जे सांगेल ते. एका गावाच्या नावाबद्दल तीन मतं आणि तिन्ही बरोबर, हे आमच्याकडच्या माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही.

तेव्हा सभासदाचा हातचा होता तसा अक्षराचा पण हातचा लागणार. त्यासाठी मी एक छोटं फंक्शन लिहिलं. घास आत जातो, फंक्शन शेवटचे दोन-तीन बाइट बघतं, अक्षर पुरं झालं नसेल तर तेवढे तोडून स्वतःकडं ठेवतं आणि बाकीचा स्वच्छ मजकूर परत देतं. पुढच्या खेपेला आधी ठेवलेले बाइट पुढं चिकटवतं. ठेवणार कुठं? फंक्शनमध्येच, स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये. साधं व्हेरिएबल फंक्शन संपलं की पुसलं जातं, स्टॅटिक राहतं. दहा ओळींचं फंक्शन, मला त्याचा अभिमान वाटला, मी चहा प्यायला गेलो.

फंक्शन म्हणजे काय हे मी नव्या पोरांना गिरणीवरून सांगतो. तू डबा दिलास, ज्वारी आत गेली, पीठ आलं. गिरणीवाल्यानं तुझ्या घरात येऊन बघायची गरज नाही आणि तू त्याचे पट्टे बघायची गरज नाही. चांगलं फंक्शन म्हणजे ज्वारी दिली तर ज्वारीचंच पीठ, सोमवारी दिली काय आणि शुक्रवारी दिली काय. पण आई उपासाची भाजणी घेऊन गिरणीत गेली की पहिला प्रश्न विचारते, "आधी काय दळलं?" कारण जात्यात आधीच्याचं मूठभर पीठ राहिलेलं असतं. गिरणीवाला म्हणतो, काही नाही ओ मावशी, स्वच्छ हाय. आई तरी पहिली मूठ बाजूला काढते.

माझ्या स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये आधीच्याचं पीठ होतं. पण ते कळायला अजून वेळ आहे.

त्याआधी लिप्यांचं सांगतो, कारण त्यात मी जास्त शहाणपणा केला होता. मराठी नावाचं कन्नड करायचं आणि उलट, तर एवढ्या नावांना कोण टाईप करणार? युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत, भारतीय लिप्या ओळीनं बसवल्यात, प्रत्येकीला १२८ खणांचं कपाट: देवनागरी, मग बंगाली, गुरुमुखी, गुजराती, ओडिया, तमिळ, तेलुगू आणि मग कन्नड. आणि कपाटातली मांडणी जवळजवळ सारखी, आपल्या जुन्या इस्की कोडावरनं घेतलेली. देवनागरीतला क ज्या खणात त्याच नंबरच्या खणात कन्नडचा क. सात कपाटं ओलांडली की झालं, सात गुणिले १२८, म्हणजे ८९६. अक्षराचा नंबर काढायचा, ८९६ मिळवायचे, परत अक्षर करायचं. एमबी ओआरडी, एमबी सीएचआर, दोन्ही पीएचपी ७.२ पासून हाताशी आहेत. मधे फक्त एक बेरीज. मला स्वतःचीच दृष्ट लागेल असं वाटलं, इतकी वर्षं जी भिंत बघत आलो ती ८९६ ची निघाली.

पहिला प्रिंट अक्कांपुढं ठेवला. वरती संस्थेचं नाव, पत्ता, बेळगावी. त्यांनी वाचलं आणि हसू आवरत म्हणाल्या, "ही कुठली डाळ शिजवलीस?"

कन्नडात एकार दोन, ऱ्हस्व आणि दीर्घ. मराठीत आपण एकच लिहितो, आणि कपाटात आपला ए बसलाय दीर्घाच्या खणात. त्यामुळं माझ्या ८९६ नं सगळे ए लांब केले. "बेळे म्हणजे पीक," अक्का म्हणाल्या, "आणि बेऽळे म्हणजे डाळ. आमचं गाव आखूड बे चं हाय. तू डाळीचं केलास." वेलांटी पण दीर्घ गेली होती, ती वेगळीच. हेगडे आडनावाचे दोन्ही ए ताणले गेले. डॉक्टर असलेल्या सभासदाच्या डॉ मधल्या अर्धचंद्राला कन्नड कपाटात त्या नंबरचा खण रिकामा, म्हणून तिथं चौकोन. आणि एका नावात आपला तो ऱ होता, बिऱ्हाडातला, त्याचं झालं जुन्या कन्नडातलं एक अक्षर जे आता कुणी लिहीत नाही. अक्कांना ते ओळखू पण आलं नाही, त्यांनी हायस्कूलच्या कन्नडच्या सरांना फोटो पाठवला, सर म्हणे खूश झाले, हे तुम्हाला कुठं मिळालं विचारत होते.

शेवटी नावांची यादी काढली, एकेक आडनाव एकदाच, आणि अक्कांनी चार दुपारी बसून सगळी हातानं दुरुस्त केली. माझं ८९६ चं फंक्शन आता फक्त पहिला कच्चा मसुदा देतं.

मला खरं तर पीएचपीचा राग यायला पाहिजे होता. अक्षर म्हणजे काय हे न कळणारी भाषा. पण राग येत नाही, कारण ते बिचारं मोठं झालंच तसं. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेरडॉर्फनं १९९४ च्या सुमाराला स्वतःच्या वेबपेजसाठी सी या भाषेत चार हत्यारं केली, १९९५ मध्ये लोकांना दिली, भाषा करायची असा बेतच नव्हता. त्यानंच नंतर सांगितलंय की सुरुवातीला फंक्शनं शंभराच्या आत होती आणि नाव शोधायला तो नावाची लांबी वापरायचा, स्ट्रलेन, म्हणून नावं मुद्दाम कमीजास्त लांबीची ठेवली, सगळी एकाच कप्प्यात नकोत म्हणून. एचटीएमएल स्पेशल कॅरॅक्टर्स एवढं लांब नाव का असा प्रश्न पडलेल्यांनी हे लक्षात घ्यावं. गावात पहिलं घर बांधणारा दार कुठल्या बाजूला ठेवतो त्यावर पुढं गल्ली पडते, तसला प्रकार. नंतर इस्राएलच्या झीव सुरास्की आणि अँडी गुटमान्सनी त्याचं इंजिन नव्यानं लिहिलं आणि कोडमधल्या दोन कोलनच्या (::) खुणेला हिब्रू नाव ठेवलं, पामायिम नेकुदोतायिम, दोनदा दोन टिंबं. वर्षानुवर्षं जगभरच्या पोरांना चूक झाली की पडद्यावर हिब्रू दिसायचं आणि ती घाबरून गूगल करायची. आमच्याकडं पाटीवर कुठली भाषा वरती आणि किती टक्के यावर दगड पडतात, मला त्या एररचं फार कौतुक वाटायचं. अक्षर समजून घ्यायचा प्रयत्न पण झाला, पीएचपी ६ म्हणून, आत सगळं युनिकोडच असणार होतं. बरीच वर्षं चाललं, जड झालं, २०१० मध्ये सोडून दिलं. म्हणून ५ नंतर एकदम ७, २०१५ ला.

आणि याच अडाणीपणाची दुसरी बाजू म्हणजे माझं हातचा नावाचं व्हेरिएबल. पीएचपी व्हेरिएबलचं, फंक्शनचं नाव तपासतं तेव्हा इंग्रजी अक्षरं, आकडे, खालची रेघ बघतं आणि १२७ च्या वरचा कुठलाही बाइट असला की हं, चालेल म्हणतं. ते कुठल्या लिपीचं, अक्षर आहे की अर्धं अक्षर आहे, विचारत नाही. त्यामुळं मराठीत फंक्शन लिहा, कन्नडात लिहा, एकातनं दुसऱ्याला हाक मारा, चालतं. जे अक्षर कापतं तेच दारात अडवत पण नाही.

असो. शून्याकडं येतो.

दोन्ही शाखा एकाच रात्री एकाच स्क्रिप्टमधनं चालवल्या, पहिली झाली की दुसरी. पहिलीच्या शेवटी एक कोरं पासबुक आलं, नंबर होता पण नाव नव्हतं. मला वाटलं परत तेच, एफईओएफचं भूत, बघू नंतर. आणि दुसरीच्या सुरुवातीला चेअरमन, क्रमांक ०.

दुसरी फाइल एकटी चालवली की चेअरमन १. दोन्ही मिळून चालवल्या की ०. अडीच दिवस मी दुसऱ्या फाइलीतच शोधत होतो. बाहेर खानापुरी पाऊस, ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको, लाइट जाऊन येऊन, इन्व्हर्टर रडतोय. तिसऱ्या दिवशी रात्री आई उपासाची भाजणी दळून आली आणि म्हणाली, गव्हाचं होतं जात्यात, पहिली मूठ शेजारणीला देऊन आले.

मी उठून स्टॅटिक व्हेरिएबल छापून बघितलं. पहिली फाइल संपल्यावर त्यात दोन बाइट होते. २२४ आणि १७८.

पहिली फाइल मधेच तुटलेली होती, पेन ड्राइव्ह घाईनं उपसला असणार. शेवटचं अक्षर अर्धं. माझ्या फंक्शननं इमानेइतबारे ते दोन बाइट सांभाळून ठेवले, कधी उरलेला तिसरा येईल म्हणून, आणि दुसरी फाइल आल्यावर तिच्या पहिल्याच आकड्याला, चेअरमनच्या १ ला चिकटवून दिले. अगम्य काहीतरी अधिक १. त्याचा आकडा करायला सांगितला तर पीएचपी पहिल्याच बाइटला अडखळतं आणि ० म्हणतं. सभासदाचा हातचा मी फाइल संपल्यावर झटकला होता, अक्षराचा झटकायचा राहिला.

दुरुस्ती सोपी होती. फंक्शनचं जनरेटर केलं. पीएचपी ५.५ पासून, म्हणजे २०१३ पासून, यील्ड हा शब्द आहे. साधं फंक्शन सगळ्या भाकरी थापून, भाजून, बुट्टी भरून एकदम आणून ठेवतं. यील्ड असलेलं फंक्शन तव्यापाशी बसतं, मागितली की एक टाकतं, ताटात वाढतं, पुढचा गोळा हातात धरून थांबतं. खाणारा उठला तर पुढची थापतच नाही. मधल्या काळात त्याची स्वतःची व्हेरिएबलं जिथल्या तिथं असतात, पीठ परातीत, हात ओला. आणि दर फाइलीला नवीन चूल, नवीन परात, मागच्याचं काही उरत नाही. शेवटी एक तपासणी: फाइल संपली आणि हातचा रिकामा नसेल तर ओरड. मूठभर मेमरीत ३०० एमबी गेली.

तेच काम स्ट्रीमला फिल्टर, म्हणजे वाटेतली गाळणी, लावून पण करता येतं, तिथं एक गोड प्रकार आहे. फिल्टरकडं आलेला माल पुरेसा नसेल तर त्यानं जो निरोप परत द्यायचा त्याचं नावच फीड मी. पंगतीत बसलेल्या पोरासारखं, वाढा अजून. मी पुढच्या कामात ते वापरणार आहे, केवळ नावासाठी.

दुसऱ्या दिवशी अक्कांना फोन केला. पहिल्या शाखेची फाइल अपुरी आहे, शेवटचा सभासद अमुक नंबरचा, त्याच्यापुढं किती आहेत? त्यांनी लेजर काढलं, पानं उलटल्याचा आवाज आला. त्याच्यापुढं ४१.

"आणि याचं नाव काय? माझ्याकडं नावाच्या जागी काही नाही. पण ते कन्नडात टाईप केलेलं आहे एवढं माहीत आहे."

"नाव न्हाई आणि कन्नड हाय म्हणून कसं कळलं तुला?"

आता हे फोनवर कसं सांगायचं. पहिला बाइट २२४, तो मराठीचा पण तोच, कन्नडचा पण तोच. दुसरा १६४ किंवा १६५ असेल तर देवनागरी, १७८ किंवा १७९ असेल तर कन्नड. माझ्याकडं १७८ आहे. तिसऱ्यात खरं अक्षर असतं, तो पेन ड्राइव्हवर आलाच नाही.

अक्का म्हणाल्या, "बाळप्पा."

मी कागदावर ब लिहिला. कन्नड ब, २२४, १७८, १७२. मराठी ब, २२४, १६४, १७२. परत बघितलं. मग क करून बघितला, ग, म, प. ८९६ ला ६४ नं बरोब्बर भाग जातो, त्यामुळं तिसरा बाइट प्रत्येक वेळी दोन्हीकडं सारखाच.

"हॅलो," अक्का म्हणाल्या, "हायस काय? नाव कन्नडात हाय खरं, पर सही मराठीत केलीया त्यानं. कुठलं घालणार?"

"दोन्ही घालायचंय ना अक्का."

"मग घाल. आणि सोमवारी येताना चांगला पेन ड्राइव्ह आण. आमचा उपसल्याशिवाय निघतच न्हाई."